मालगुजारी आणि सर रिचर्ड टेंपल

मी मूळचा सौंसर-पांढुर्ण्याकडचा. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्यापूर्वी आमचा मुलूख छिंदवाडा जिल्ह्याचा घाटाखालचा भाग होता. इथल्या मित्रांना इनामदार आणि देसाई ठाऊक असतात, पण मालगुजार म्हणजे कोण, हे मला दर वेळी सांगावे लागते. ते सांगायचे तर सर रिचर्ड टेंपल यांचे चरित्र सांगणे भाग आहे.

टेंपल यांचा जन्म १८२६ साली इंग्लंडातील वूस्टरशर परगण्यात झाला. रग्बी व हेलीबरी येथे शिकून ऐन विशीत ते कंपनीच्या नोकरीत आले. पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली ते कारभार शिकले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते चीफ कमिशनर म्हणून नागपुरास आले. १८६७ पर्यंतच्या काळात त्यांनी प्रांत घोड्यावरून पालथा घातला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले, तेव्हा त्यांची आदिवासींविषयीची टिपणे टेंपल यांनीच संपादून १८६६ मध्ये छापली.

भोसल्यांच्या राज्यात पाटलाला गाव ठेक्याने मिळे. मुदत थोडी, पुष्कळदा एकाच वर्षाची. ठरलेला सारा सरकारात भरायचा आणि उरेल ते आपले. जास्त रक्कम बोलणारा निघाला की गाव हातचे जाई. स्कॉटलंडातील जमीनदारही शेते आणि पाणचक्क्या मुदतीच्या पट्ट्याने देत; पण तेथे मालक कोण, हे ठरलेले होते. आमच्याकडे ठेकेदार मालक नव्हता आणि नांगर धरणाराही नव्हता. इंग्रज सरकारने ठेकेदाराला मालक ठरविले. धोरण वरून आलेले असले तरी त्याचा अंमल टेंपल यांच्या कारकिर्दीत झाला. ३० वर्षांची जमाबंदी झाली आणि पाटलाचा मालगुजार झाला.

मालकी मिळाली म्हणजे माणूस विहिरी खणील, जमीन सुधारील, अशी यामागची अपेक्षा. पण जे आपले झाले ते गहाणही टाकता येते. अनेक गावे पुढे सावकारांच्या घरात गेली. जुन्या कुळांना मौरूसी हक्क मिळाले, काहींना मालिक-मकबूजा म्हणून आपल्या तुकड्याची मालकीही मिळाली; इतरांची बाजू लंगडीच राहिली. धारवाड-बेळगावकडे रयतवारी असल्याने शेतकरी सारा थेट सरकारला देई. आमच्याकडे मध्ये वाडा उभा होता.

टेंपल यांची दुसरी ओळख मात्र इथल्या मातीतली आहे. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख टन तांदूळ आणविला आणि माणसे वाचविली. त्या खर्चाबद्दल त्यांच्यावर टीका झाली. तीन वर्षांनी दक्षिणेतील दुष्काळात तेच टेंपल काटकसर करण्यासाठी आले. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला त्यांनी एक पौंड, म्हणजे साधारण अर्धा शेर, धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरविली. मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गाऱ्हाणे मांडले. त्याच वर्षी, १८७७ मध्ये, टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८८० पर्यंत त्या पदावर राहिले. १९०२ साली ते इंग्लंडात वारले.

त्यांना दुष्ट म्हणावे असे मला वाटत नाही. ते कष्टाळू आणि हुशार होते. माणसे कशी वाचवावीत हे त्यांना कळत होते, हे बिहारने दाखविले. म्हणूनच १८७७ चा हिशोब अधिक खुपतो. ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. तरी घरशेतीची जमीन जुन्या मालगुजारांकडेच राहिली. आमचे पणजोबा कूळ होते. कागदावर मालक म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हे एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत ठरते आणि पुढच्या तीन पिढ्या त्याप्रमाणे जगतात, हे आमच्या घरी वेगळे शिकवावे लागले नाही.