थॉर्स्टीन व्हेब्लेन

थॉर्स्टीन व्हेब्लेन (३० जुलै १८५७ – ३ ऑगस्ट १९२९) हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व समाजशास्त्रज्ञ होते. संस्थात्मक अर्थशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. मनुष्याचे आर्थिक वर्तन केवळ लाभहानीच्या हिशेबाने ठरत नाही. ते विचारांच्या अंगवळणी पडलेल्या सवयींतून घडते आणि समाजातील संस्था म्हणजे अशा रूढ झालेल्या सवयीच होत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय.

सुरुवातीचे जीवन

व्हेब्लेन यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील केटो येथे नॉर्वेहून स्थलांतरित झालेल्या शेतकरी कुटुंबात झाला. १८६५ मध्ये हे कुटुंब मिनेसोटा राज्यात स्थायिक झाले. घरात नॉर्वेजियन भाषा बोलली जाई. भोवतालच्या अमेरिकन समाजाकडे काहीशा परकेपणाने पाहण्याची त्यांची दृष्टी या संगोपनातून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. कार्लटन महाविद्यालयात अर्थशास्त्रज्ञ जॉन बेट्स क्लार्क हे त्यांचे शिक्षक होते. १८८४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट दिली; परंतु त्यानंतर सुमारे सात वर्षे त्यांना अध्यापनाची नोकरी मिळाली नाही. हा काळ त्यांनी मुख्यतः शेतावर वाचनात घालवला.

अध्यापन

१८९१ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला व पुढील वर्षी ते नव्याने सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठात रुजू झाले. तेथे त्यांनी राज्यीय अर्थशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादन केले. ग्रंथांमुळे कीर्ती लाभूनही शिकागोत ते सहायक प्राध्यापकपदाच्या पुढे गेले नाहीत. खासगी जीवनाविषयीचे प्रवाद आणि विद्यापीठाच्या व्यवस्थापनाशी न जुळणारा स्वभाव यांमुळे त्यांचे बस्तान कोठेही बसले नाही. स्टॅनफर्ड व मिसूरी या विद्यापीठांनंतर १९१९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या संस्थेत दाखल झाले.

विचार

१८९८ मधील एका निबंधात त्यांनी तत्कालीन अर्थशास्त्रावर टीका केली. त्या शास्त्रातील मनुष्य सुखदुःखाचा अचूक हिशेब करणारा, पण स्वतः कधीही न बदलणारा आहे, असा त्यांचा आक्षेप होता. अर्थशास्त्राने उत्क्रांतीची दृष्टी स्वीकारावी आणि सवयी कशा निर्माण होतात, टिकतात व बदलतात याचा शोध घ्यावा, असे त्यांनी सुचवले.

पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या फुरसतवंत वर्गावरील ग्रंथात त्यांनी दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. महाग वस्तू गरजेपेक्षा प्रतिष्ठेसाठी घेतल्या जातात आणि वरच्या वर्गाची ही रीत खालचे वर्ग अनुकरणाने उचलतात, असे त्यांनी दाखवले. किंमत वाढल्यावर जिची मागणी वाढते, अशा वस्तूला आज व्हेब्लेन वस्तू म्हणतात.

१९१५ मध्ये त्यांनी जर्मनी व ब्रिटन यांची तुलना केली. जर्मनीने ब्रिटनमध्ये विकसित झालेले यंत्रज्ञान तयार स्वरूपात उचलले. मात्र तेथील राजसत्तेच्या जुन्या संस्था टिकून राहिल्या. उलट ब्रिटनला आधी पुढे गेल्याची किंमत मोजावी लागली. तेथील रेल्वेच्या मालवाघिणी लहान व गैरसोयीच्या ठरल्या होत्या. पण रूळ, फलाट, गोदामे असे सारे त्यांच्याच मापाने बांधलेले असल्याने केवळ वाघिणी बदलणे सोपे नव्हते. मनाच्या सवयींचेही असेच असते, हे त्यांच्या एकूण विवेचनातून ध्यानात येते.

निधन व प्रभाव

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे व्हेब्लेन यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि उद्योग व सट्टा यांत भेद करणारे त्यांचे लेखन पुन्हा वाचले जाऊ लागले. त्यांचे विद्यार्थी वेस्ली मिचेल यांनी व्यापारचक्रांचा मूलगामी अभ्यास केला. आपले स्मारक उभारू नये, अशी इच्छा व्हेब्लेन यांनी लिहून ठेवली होती.