नगरपालिकेतील जोतीराव

मुलांनो, तुमच्या गावात नगरपालिका असेल. नळाचे पाणी, रस्त्यावरचे दिवे, जन्माचा दाखला अशा कामांसाठी तुमचे वडील किंवा मोठे भाऊ तिथे जात असतील. कदाचित तुमची शाळाही नगरपालिकेचीच असेल. नगरपालिकेच्या सभेत खर्चाचे ठराव मांडले जातात. सभासद ते मंजूर करतात किंवा नामंजूर करतात. 'मंजूर', 'नामंजूर', 'खर्च' हे शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोत. ते तुमच्या उर्दूत जसे आहेत, तसेच मराठीतही आहेत.

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हेही तुम्हांला माहीत असेल. पण ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे फार थोड्या जणांना ठाऊक असते.

जोतीरावांचा जन्म १८२७ मध्ये झाला. त्यांचे वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय करीत. मुलगा थोडे शिकला तोच लोकांचे ऐकून गोविंदरावांनी त्याला शाळेतून काढले आणि बागेच्या कामाला लावले. तेव्हा शेजारचे दोन गृहस्थ त्यांच्याकडे गेले. एक होते गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट साहेब. मुलगा हुशार आहे, त्याचे शिक्षण थांबवू नका, अशी त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. गोविंदरावांना ते पटले. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. गफार बेग उर्दू-फारसीचे शिक्षक होते. एका शिक्षकाने शेजारच्या घरी जाऊन केलेली ही रदबदली पुढे केवढी मोलाची ठरली! शिक्षक म्हणून मला हा प्रसंग फार आवडतो.

पुढे मुलींची आणि अस्पृश्य मुलांची शाळा चालवल्यामुळे जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात येते. १८५२ मध्ये सरकारने पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात समारंभ करून जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. मोलस्वर्थ यांच्याबरोबर शब्दकोशाचे काम करणारे मेजर कँडी यांच्या हस्ते हा सत्कार झाला. तेव्हा जोतीराव अवघे पंचवीस वर्षांचे होते.

ते केवळ शाळा चालवत होते असे समजू नका. ते ठेकेदारही होते. दगड पुरवणे, पूल बांधणे अशी कामे ते घेत. येरवड्याच्या पुलाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळे बांधकामाला पैसा किती लागतो आणि तो कुठे जातो, हे त्यांना चांगले कळत होते.

१८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले आणि १८८२ पर्यंत त्या जागेवर राहिले. त्या काळी सभासदांना लोक निवडून देत नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. ज्याने नेमले त्याच्या मर्जीविरुद्ध कोण बोलणार?

हाच काळ मोठ्या दुष्काळाचा होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये माणसे आणि गुरे अन्नपाण्यावाचून मेली. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. त्याच दिवसांत, १८७७ च्या जानेवारीत, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत थाटामाटाचा दरबार भरवला. व्हाइसरॉय म्हणजे राणीच्या वतीने सबंध हिंदुस्थानचा कारभार पाहणारा अधिकारी. १८७८ मध्ये याच लिटन यांनी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा केला.

असे हे लिटन साहेब पुण्याला येणार, म्हणून नगरपालिकेत त्यांच्या स्वागताचा विषय निघाला. त्यासाठी तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. सभासद एकामागून एक संमती देत गेले. जोतीरावांनी मात्र विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे मत होते. मते घेतली तेव्हा विरुद्ध बाजूला ते एकटेच होते.

वर्गात सगळ्यांनी हात वर केला आणि आपला एकट्याचाच हात खाली राहिला, तर कसे वाटते हे तुम्हांला ठाऊक आहे. इथे तर समोर सरकारचे अधिकारी होते आणि शेजारी शहरातले प्रतिष्ठित लोक होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण नगरपालिकेच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी सभेत विचारला गेला.

१८८० मध्ये त्यांनी दारूच्या दुकानांचा प्रश्नही हाती घेतला. शहरात दुकाने वाढत चालली होती आणि गरिबांचे संसार मोडत होते. दुकानांपासून सरकारला उत्पन्न मिळत होते, म्हणून त्यांविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. जोतीरावांनी अध्यक्षांना सरळ पत्र लिहून आपली तक्रार कळवली.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग आला. जोतीरावांनी त्याला लेखी निवेदन दिले. खेड्यापाड्यांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी प्रसिद्धच आहे. पण त्यात नगरपालिकांविषयीही लिहिले आहे. मोठ्या गावांच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, असे त्यांनी सुचवले. मात्र शाळांचा कारभार संपूर्णपणे नगरपालिकेच्या हाती देऊ नये, असेही बजावले. सहा वर्षे आत बसून पाहिलेला माणूसच असे लिहू शकतो!

पुढे पुण्यात भाजीबाजारासाठी मोठी इमारत बांधण्याचे ठरले. जोतीरावांनी त्यालाही विरोध केला. भाजी विकणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या आणि स्वतः बांधकामाचे ठेके घेणाऱ्या माणसाने मंडईला नको म्हणावे, याचे तुम्हांला आश्चर्य वाटेल. पण शाळांना पैसा नसताना इमारतीवर एवढा खर्च करणे त्यांना पटत नव्हते. या वेळीही त्यांचे कोणी ऐकले नाही. १८८६ मध्ये मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले.

दोन वर्षांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात कष्टकरी लोकांची सभा भरली. या सभेत लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली. १८५२ चा सत्कार सरकारने केला होता. हा लोकांनी केला. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले आणि आपले शेवटचे पुस्तक त्यांनी तसेच पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

कधी पुण्याला गेलात तर ती मंडई जरूर पाहा. आठ बाजूंची दगडी इमारत आहे आणि मध्ये उंच मनोरा आहे. आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना तिचे नाव बदलण्यात आले. रे साहेबांचे नाव गेले आणि आता तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.