अरण्यातील दवाखाना : व्हेरियर एल्विन यांचे चरित्र

औषध ज्याला सर्वांत अधिक लागते तोच बहुधा त्यापासून सर्वांत अधिक दूर असतो. हे अंतर केवळ कोसांचे असते काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांना रानात तीस वर्षे घालविल्यावर सापडले, त्या व्हेरियर एल्विन यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडातील डोव्हर येथे झाला. त्यांचे वडील पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे बिशप होते व १९०९ साली वारले. पुत्राने ऑक्सफर्ड येथे इंग्रजी वाङ्मय व ईश्वरज्ञान या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवून दीक्षा घेतली. स्वदेशी मानाच्या जागा मिळण्याजोग्या असताही १९२७ साली ते पुण्यास आले व जॅक विन्स्लो यांनी स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. पुढे महात्मा गांधींच्या सहवासाने त्यांचे मन दरिद्री जनांकडे अधिकच ओढले गेले. संघातच शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्यांचा स्नेह जडला, आणि तो पुष्कळ वर्षे टिकला.

इ. स. १९३२ च्या आरंभी हे दोघे नर्मदेच्या उगमाजवळील मैकल डोंगरात, करंजिया या गोंड वस्तीच्या गावी जाऊन राहिले. हे गाव त्या वेळी मंडला जिल्ह्यात होते. आता ते दिंडोरी जिल्ह्यात मोडते. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. तरी त्यांनी लहानसा दवाखाना व शाळा उघडली, आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढले. त्या काळी या रोगावर कडूकवठीच्या तेलाच्या टोचणीवाचून दुसरा विशेष उपाय नव्हता. परंतु ज्याला घरच्यांनीही दूर लोटले त्याच्या जखमा कोणी स्वहस्ते धुवाव्या, हेच मोठे औषध होते. या सेवेचा बराच भार शामरावांनी वाहिला, ही गोष्ट आमच्या मराठी मंडळ्यांनी विसरू नये. एल्विन यांना स्वतःलाही हिवतापाने वारंवार गाठले. तरी ते रान सोडून गेले नाहीत.

रोग्यांमध्ये राहता राहता त्यांच्या ध्यानात आले की, रोगाचे मूळ पुष्कळदा शरीराबाहेर असते. बैगा लोक डोंगरउतारावरची झाडी तोडून व जाळून राखेत बी पेरीत. या शेतीस ते बेवर म्हणत. धरणी ही माता असून नांगराने तिचे स्तन फाडू नयेत, अशी त्यांची श्रद्धा होती. सरकारने जंगले राखीव करून बेवर बहुतेक बंद केले व तिला थोडीशीच जागा मोकळी ठेविली. त्यामुळे अन्न गेले, कंदमुळे व शिकार यांस अटकाव झाला, आणि सावकार व जंगलखात्याचे शिपाई यांची भीती मात्र वाढली. उपाशी देहास तापाची गोळी किती दिवस उभे ठेवणार? हे सर्व एल्विन यांनी १९३९ साली बैगांवरील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडिले. बैगा हा वैद्यकीसाठी शेजारच्या जमातींतही मान पावलेला समाज. त्याच्या गुनियाला केवळ वेडगळ ठरविणाऱ्या दवाखान्यात रोगी मनापासून येत नाही, हेही त्यांनी ओळखले.

नागपूरच्या बिशपांशी त्यांचे मतभेद झाले, कारण गोंडांमध्ये धर्मांतराचे कार्य करण्यास ते राजी नव्हते. अखेरीस १९३५ साली त्यांनी आपली मंडळी सोडली. या गोष्टीचे आम्हांस दुःख वाटते. त्यांचे गृहजीवनही निर्दोष नव्हते. एका गोंड तरुणीशी त्यांनी १९४० साली केलेला विवाह १९४९ साली मोडला, आणि त्यात तिला जे सोसावे लागले ते आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु ज्या शेजाऱ्याकडे कोणी वळून पाहत नव्हते त्याच्या दारी ते राहिले, हेही तितकेच खरे आहे.

स्वातंत्र्यानंतर ते १९५४ साली भारताचे नागरिक झाले व त्याच वर्षी ईशान्य सीमाप्रदेशाच्या कारभारात आदिवासींविषयक सल्लागार नेमले गेले. आदिवासींवर परके जीवन लादू नये, तर त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांची उन्नती होऊ द्यावी, असा त्यांचा सल्ला असे. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्ली येथे त्यांचा अंत झाला.

ते अंतर आज मिटले आहे काय? डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ साली सरकारास दाखविले की, आदिवासी हे देशाच्या लोकसंख्येत सुमारे ८.६ टक्के, परंतु हिवतापाच्या रुग्णांत सुमारे ३० टक्के व त्या तापाने मरणाऱ्यांत सुमारे ५० टक्के आहेत. तथापि निराश होण्याचे कारण नाही. यॉज नावाचा, कातडी व हाडे नासविणारा रोग एके काळी बस्तरसारख्या वनप्रदेशांत फार होता. तो पेनिसिलिनच्या एका टोचणीने बरा होतो. आरोग्यसेवक पाड्यापाड्यांत रोगी शोधीत फिरले, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे मान्य केले. रोग्याने येण्याची वाट न पाहता औषधच त्याच्याकडे गेले, म्हणून हे घडले.

आमचे महाळुंगे मुळा नदीच्या काठी आहे व २०२१ पासून पुणे महापालिकेत आले आहे. मोठी रुग्णालये आम्हांस दूर नाहीत. परंतु याच मुळशीच्या डोंगराळ भागात कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. वीटभट्टी व कोळशाची भट्टी यांच्या मागे पुष्कळ कातकरी कुटुंबे गाव सोडून जातात. मग बालकाची लस चुकण्याचा व क्षयाचे औषध मध्येच तुटण्याचा संभव असतो. तेव्हा प्रत्येक मंडळीने आपल्या शिवारालगतची वाडी ओळखावी. तेथील रोग्यास सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत करावी, आणि कागदपत्रांसाठी त्याची अडवणूक होत असेल तर त्याच्या बाजूने उभे राहावे. यासाठी वैद्यकीची पदवी लागत नाही. ती एल्विन व शामराव यांच्यापाशीही नव्हती.