खोपे किती आणि वसलेले किती?

मागच्या श्रावणात पनवेलजवळ मामेसासऱ्यांच्या शेतावर गेले होते. विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. जाऊबाईंनी मोजले, चाळीसेक भरले. यंदा पाखरं भरपूर, म्हणून आम्ही खूश! घरी आल्यावर मात्र मला डॉ. सालिम अली आठवले आणि आमचा हिशेब कुठे चुकला ते कळलं.

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि पक्ष्यांचाच होऊन गेला.

वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून हवी ती नोकरी मिळाली नाही. जर्मनीत शिकून 1930 साली परतले, तर मुंबईच्या म्युझियममधली नोकरीही गेलेली. मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते आपल्या रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहायला गेले. दुसरा कोणी नशिबाला दोष देत बसला असता. हे शिडीवर आडोसा करून तासन् तास सुगरणीचे खोपे बघत बसले!

आणि काय सापडलं बघा. आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तरच ती त्यात राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा विणायला घेतो. नापसंत खोपे तसेच लोंबत राहतात. म्हणजे खोपे मोजून संसार मोजता येत नाहीत!

या साऱ्या धडपडीत तेहमिनांची साथ मोठी होती. 1939 साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सालिम अली खचले, पण थांबले नाहीत. 1941 साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. 1976 साली पद्मविभूषण मिळालं. माळरानावरचा माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. 1963 साली मान मोराला मिळाला. 20 जून 1987 ला ते गेले.

माळढोकासाठी 1979 साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात बरीच जमीन शेतकऱ्यांची. खरेदी-विक्री अडली, लोक वैतागले, पुढे क्षेत्र बरंच कमी करावं लागलं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. कागदावरचं क्षेत्र मोठं होतं, पक्षी मात्र घटत गेले. ज्याची जमीन त्याला सोबत घेतल्याशिवाय पक्षी कसा टिकणार?

मैत्रिणींनो, हे वाचून मी जरा ओशाळलेच. आमच्या मंडळातही किती रोपं लावली त्याचे फोटो निघतात. किती जगली, हे बघायला कोण जातं?

म्हणून यंदा जाऊबाईंशी ठरवलंय. एका बांधावरचं गवत पिल्लं उडेपर्यंत कापायचं नाही, तिथे फवारणी नाही, कारण पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. दुसरा बांध नेहमीसारखा. दोन्हीकडचे खोपे मोजायचे, पण लांब नळी आलेले आणि मादी चोचीत खाऊ घेऊन आत जाते तेवढेच. टोपीसारखे अर्धवट राहिलेले वेगळ्या रकान्यात. पाऊस दरवर्षी सारखा नसतो, म्हणून तीन-चार वर्षं वही चालवायची. मामेसासरे आधी हसले. मग गवताचं नुकसान किती होतं तेही त्याच वहीत लिहा, म्हणाले. बरोबरच आहे, जमीन त्यांची आहे!

वही नातीच्या जुन्या शाळेची आहे. पहिलं पान आखून ठेवलंय.