मोझेस गोम्बर्ग : मुक्त मूलकांचे जनक

कार्बनचा अणू नेहमी चार बंधांनीच जोडलेला असतो, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रातील जवळजवळ अढळ सिद्धांत होता. त्याला पहिला तडा देणारे मोझेस गोम्बर्ग यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८६६ रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आताच्या युक्रेनमधील येलिसाव्हेतग्राद येथे झाला. वडिलांवर झारविरोधी कारवायांचा आरोप आल्याने १८८४ मध्ये कुटुंबाने अमेरिका गाठली. शिकागोत पडेल ते काम करीत मोझेस शिकले आणि १८९४ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पुढे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी अनेक नामवंतांना हुलकावणी देणारे टेट्राफेनिलमिथेन तयार केले. मिशिगनला परतल्यावर ते हेक्झाफेनिलइथेनच्या मागे लागले. मात्र ट्रायफेनिलक्लोरोमिथेनवर चांदीची क्रिया घडवून मिळालेल्या पदार्थात कार्बनचे प्रमाण सतत कमी भरत होते. हवेतील ऑक्सिजन त्यात शिरत असल्याचे त्यांनी ओळखले आणि कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात प्रयोग पुन्हा केला. आता मिळालेल्या पदार्थाचे द्रावण पिवळे होते व ते ऑक्सिजन झपाट्याने शोषून घेत होते. हे त्रिसंयुजी कार्बनचे मुक्त मूलक आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९०० मध्ये जाहीर केला. त्यावर दीर्घकाळ वाद झाला. द्रावणात हे मूलक आपल्याच जोडरेणूसोबत समतोलात असते. त्या जोडरेणूची खरी रचना तर १९६८ मध्ये उलगडली.

मूलकावरील एकाकी इलेक्ट्रॉन हा जणू एक सूक्ष्म चुंबकच असतो. संक्रमणी धातूंच्या अनेक आयनांवरही असे इलेक्ट्रॉन असतात. मूलक आयनाला थेट जोडले गेले की दोघांचे चुंबकत्व परस्परांना पूरक तरी ठरते, नाही तर विरोधी. १९९१ मध्ये अमेरिकेत जोएल मिलर व आर्थर एपस्टाईन यांच्या गटाने व्हॅनेडियम आणि टेट्रासायनोइथिलीन यांपासून नेहमीच्या तापमानालाही टिकणारे चुंबक बनवले. त्यातील व्हॅनेडियम आयनावर असे तीन इलेक्ट्रॉन असतात. त्याच्या वाट्याच्या दोन मूलकांवरील प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशेने उभा राहतो आणि उरलेल्या एका इलेक्ट्रॉनाइतके चुंबकत्व शिल्लक राहते.

गोम्बर्ग १९२७ ते १९३६ या काळात मिशिगनच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३१ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. आजन्म अविवाहित राहिलेल्या या संशोधकाचे १२ फेब्रुवारी १९४७ रोजी निधन झाले. हिशेबात न बसलेला आकडा प्रयोगातील चूक म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. रसायनशास्त्राची एक संपूर्ण शाखा त्यातूनच उभी राहिली.