मासे अचानक गायब का होतात? खवल्यावरून उत्तर शोधणाऱ्या योहान योर्ट यांची गोष्ट

साल १९०३. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला मेहाम्न नावाचं गाव आहे. तिथल्या चिडलेल्या मच्छीमारांनी देवमासे पकडणाऱ्या कंपनीचं आख्खं स्टेशन मोडून टाकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : देवमासा लहान माशांना किनाऱ्याकडे हाकलतो, कंपनीने देवमासे मारले म्हणून आमची जाळी रिकामी.

राग खरा होता, कारण घरात चूल पेटत नव्हती. पण मासे नेमके का कमी होतात, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. या प्रश्नामागे आयुष्यभर लागलेला माणूस म्हणजे योहान योर्ट.

योर्ट यांचा जन्म १८६९ मध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत झाला. वडील डोळ्यांचे डॉक्टर. योर्ट यांनीही आधी डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला, पण ओढ प्राणीशास्त्राची होती. १८९२ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या म्युनिकमधून डॉक्टरेट मिळवली. १९०० मध्ये नॉर्वे सरकारने मासेमारीच्या संशोधनासाठी ‘मायकल सार्स’ नावाचं वाफेवर चालणारं जहाज बांधलं आणि योर्ट त्यावरून समुद्र पिंजून काढू लागले.

तिथे एक अडचण लक्षात आली. कॉड मासा अंडी घालतो नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ. पिल्लं प्रवाहासोबत वाहत जातात उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात आणि तिथेच, रशियाच्या शेजारी, मोठी होतात. मग हा मासा कुणाचा? आणि एकट्या नॉर्वेने मोजणी करून हाती काय लागणार?

हाच प्रश्न शेजारच्या देशांनाही पडला होता. १८९९ मध्ये स्टॉकहोमला आणि १९०१ मध्ये ख्रिस्तियानियाला बैठका झाल्या. जुलै १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. डेन्मार्क, फिनलंड, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन, रशिया आणि ब्रिटन असे आठ सदस्य. मासे कुठून कुठे जातात, हे शोधणाऱ्या समितीची जबाबदारी आली योर्ट यांच्याकडे.

आता खवल्याचा विषय. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, तसंच हेरिंग माशाच्या खवल्यावरही वाढतं. वलयं मोजली की वय कळतं. योर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हजारो खवले तपासले आणि निकाल पाहून सगळेच चक्रावले. १९१० मध्ये नॉर्वेत तपासलेल्या दर चार हेरिंगपैकी जवळपास तीन एकाच वर्षी, १९०४ मध्ये जन्मलेले होते!

याचा अर्थ काय? तोपर्यंत समज असा होता की मासे कमी झाले म्हणजे ते दुसरीकडे गेले. योर्ट यांनी १९१४ मध्ये दाखवून दिलं की खरा खेळ पिल्लांचा आहे. एखाद्या वर्षी भरपूर पिल्लं जगली, तर पुढची कित्येक वर्षं जाळी भरतात. नाही जगली, तर कितीही होड्या उतरवा, उपयोग नाही. म्हणजे दोष शेजारच्या गावाचा किंवा देशाचा असेलच असं नाही. पण हे कळायचं तर सगळ्यांनी मिळून मोजायला हवं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. परिषदेतले देश एकमेकांविरुद्ध लढू लागले. मासे जर्मनीला मिळू नयेत म्हणून ब्रिटनने नॉर्वेशी मासे खरेदीचा करार केला. त्यावरून योर्ट यांचं स्वतःच्याच सरकारशी बिनसलं आणि १९१६ मध्ये त्यांनी मासेमारी संचालकाचं पद सोडलं.

पण काम सोडलं नाही. १९२१ मध्ये ते ख्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढे देवमाशांच्या शिकारीला आंतरराष्ट्रीय मर्यादा हवी म्हणून झटले. १९३८ मध्ये ते त्याच परिषदेचे अध्यक्ष झाले. लगेच दुसरं महायुद्ध आलं आणि काम पुन्हा ठप्प झालं. युद्धानंतर परिषद पुन्हा उभी राहिली, तेव्हाही अध्यक्ष तेच होते. १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत हे पद त्यांच्याकडेच होतं.

पुढे शीतयुद्धाच्या काळात, नॉर्वे नाटोमध्ये असतानाही, नॉर्वे आणि सोव्हिएत संघाने मासेमारीसाठी संयुक्त आयोग नेमला. १९७६ पासून हा आयोग बॅरेंट्स समुद्रात किती मासा पकडायचा ते ठरवतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे कोपनहेगनच्या परिषदेने रशियाचा सहभाग स्थगित केला. तरीही नॉर्वे आणि रशियाने २०२५ साठी कॉडचा कोटा मिळूनच ठरवला : ३,४०,००० टन.

दोघांचं पटतं म्हणून नाही. एकाने हिशोब सोडला, तर जाळी दोघांचीही रिकामी राहतील म्हणून.