मैत्रीचा भुकेला श्याम : साने गुरुजी

साने गुरुजींचे नाव घेताच ‘श्यामची आई’ आठवते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाच्या तेजात श्यामच्या जीवनाची एक बाजू काहीशी झाकोळून गेली. श्याम जितका आईचा, तितकाच मित्रांचाही होता.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळच्या पालगड येथे, खोताच्या पण उतरती कळा लागलेल्या घरात झाला. दापोलीच्या शाळेत ते रमले होते. परंतु दारिद्र्यामुळे शिक्षणासाठी दूर औंध संस्थानात जावे लागले. पोरक्या गावी स्वतः रांधून खात त्यांनी विद्याभ्यास चालवला. तेथे जीव लागतो न लागतो तोच प्लेगची साथ आली आणि तेही सोबती सुटले. पुढे पुण्यात शिकत असता १९१७ मध्ये आई गेली. अखेरची भेटही घडली नाही.

हा काळ त्यांनी ‘श्याम’ व ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकांत सांगितला आहे. त्यांतील राम हा श्यामचा जिवलग. मित्राने आपल्याकडे पाहावे, एक शब्द बोलावा, एवढ्यासाठी झुरणारे मुलाचे मन मराठीत इतक्या निःसंकोचपणे क्वचितच कोणी उघडे केले असेल. मोठी माणसे ज्याला पोरकटपणा म्हणून हसण्यावारी नेतात, ते दुःख गुरुजींनी खरे मानले. त्यांच्या लेखनाला भाबडे म्हणणाऱ्यांनी ही पाने पुन्हा वाचावीत.

‘मनूबाबा’ ही त्यांची कादंबरी जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘सायलस मार्नर’वर आधारलेली. मूळ कथेत जिवलग मित्राने दगा दिल्यामुळे एका विणकराचा माणसांवरचा विश्वासच उडतो, आणि दाराशी आलेल्या एका पोरक्या बालिकेमुळे तो परत येतो. मुलांसाठी गुरुजींनी हीच कथा निवडावी, यात नवल नाही.

१९२४ पासून अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात व तेथील वसतिगृहात ते मुलांचे सवंगडी झाले. त्यांचे कपडे धुतले, खोल्या झाडल्या, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढले. १९३० मध्ये सत्याग्रहाने हाक दिली तेव्हा तीही मुले सोडावी लागली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील बंदिवानांच्या सहवासात त्यांनी तमिळ भाषेशी स्नेह जोडला. ‘आंतरभारती’चे स्वप्न पुढे त्यांनी पाहिले ते याच वृत्तीने. हिंदी मुलखात मराठी शिकणाऱ्या मुलांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यांचा शेजारचा मित्र बहुधा छत्तीसगढीच बोलतो.

स्वातंत्र्यानंतरच्या घटनांनी त्यांचे मन खचत गेले. १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक सुरू केल्यावर पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहीत. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. ‘साधना’ मात्र पुढेही निघत राहिली.